लेकरं, कुत्रं आणि आपला शोधाचा चौका



आमच्या महिला मंडळाचा स्वाध्याय संपला की सतरंजी गुंडाळता गुंडाळता घरच्या गप्पा निघतात. गेल्या वर्षभरात तिघींनी तरी मला विचारलं, "पोरं कुत्र्यासाठी हट्ट धरून बसलीत. आपल्यात चालतं का गं? आणि चालत असेल तर कोणतं आणावं?" पहिल्या प्रश्नावर प्रत्येकीचं मत तयार असतं. दुसऱ्यावर कोणी नीट बोलत नाही, मोबाईलवर गोंडस पिल्लाचा फोटो दाखवून मोकळ्या होतात. मला वाटतं, दुसऱ्या प्रश्नाचा नीट विचार केला की पहिल्याचंही अर्धं उत्तर मिळतं.

आमचं घर कारंजातलं, जुन्या वस्तीतलं. मागे लहानसं अंगण आहे. मोठी मुलगी 9 वर्षांची, धाकटा साडेचारचा. सासूबाईंना दुसऱ्या प्रतिमेची व्रतं आहेत. गावात संघ आला की आमच्याकडे चौका लागतो. आता अशा घरात कुत्रं आणायचं म्हणजे जात आणि रंग पाहून भागत नाही.

धाकट्या दिरांनी नागपूरहून फोन केला होता. त्यांच्या मित्राकडे हस्कीची पिल्लं होती, निळ्या डोळ्यांची. मुलं दोन दिवस जेवणावरसुद्धा तेच बोलत होती. मी म्हटलं, भाऊजी, मे महिन्यात आमच्याकडे पारा 43-44 वर जातो, दुपारी लाईट जाते. बर्फातल्या जिवाला दाट कोटासकट इथे आणायचं आणि कूलरपुढे बसवून ठेवायचं, हे कोणाच्या हौसेसाठी? विषय तिथे संपला. मुलांचा मात्र संपला नाही.

सासूबाईंचा आक्षेप वेगळा होता आणि तो वजनदार होता. कार्तिकेयानुप्रेक्षेत अनर्थदंडाचं वर्णन येतं, त्यात हिंसादानाच्या ठिकाणी मांजरासारखे हिंस्र जीव पाळणं सांगितलं आहे. त्यांच्या वाचनातला ग्रंथ. त्या म्हणाल्या, "जे जनावर दुसऱ्याचा जीव घेते, त्याले आपण पोसलं त त्या पापाचा वाटा आपल्याकडे येत नाही का?" याला मी "आई, जमाना बदलला" असं उत्तर देऊ शकत नव्हते, आणि द्यायचंही नव्हतं.

पण आपल्याच ग्रंथांत कुत्रा दुसऱ्या रूपातही भेटतो ना. जीवंधरकुमारांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावलं म्हणून मारून मारून अर्धमेला केलेला कुत्रा, त्याच्या कानात त्यांनी णमोकार मंत्र सांगितला आणि तो जीव सुदर्शन नावाचा यक्ष झाला. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारातही आहे की धर्माने कुत्र्याचा देव होतो आणि पापाने देवाचा कुत्रा. मला यापेक्षा यशोधर राजाची कथा जास्त हलवते. पिठाचा कोंबडा बळी दिला, एवढ्या संकल्पाने यशोधर पुढच्या जन्मी मोर झाला आणि त्याची आई चंद्रमती कुत्री झाली. दोघंही फिरून त्याच राजवाड्यात आली, यशोधराच्या मुलाकडे. ज्याच्या दारात ती कुत्री बांधली होती, तो तिचा नातू होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. पुष्पदंतांचं 'जसहरचरिउ' हे काव्य दहाव्या शतकातलं. ते 1931 साली छापलं गेलं ते आपल्याच 'कारंजा जैन ग्रंथमाले'त, डॉ. प. ल. वैद्यांनी संपादून. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ, तिन्ही मंदिरांच्या भांडारांनी जपलेल्या पोथ्यांमुळे आपलं गाव अभ्यासकांना माहीत झालं, आणि त्यातल्या पहिल्याच छापील ग्रंथात घरी आलेली कुत्री आजी निघते! हे मी सासूबाईंना म्हटलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, बराच वेळ गप्प बसल्या.

मग त्यांनीच वाट दाखवली. म्हणाल्या, "अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार म्हणून दाखव बरं." बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्रातल्या सातव्या अध्यायातले, पाठशाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. "हे पाची न लागता जे कुत्रं आपल्या घरात राहू शकीन, ते पाहा. नसंन भेटत त नको."

ही कसोटी मी कोणत्याही पुस्तकात पाहिली नव्हती, आणि ती लावत गेले तशी एकेक जात आपोआप बाजूला पडत गेली.

बंध घ्या. जर्मन शेफर्ड हुशार, पण त्याला रोजचं काम आणि भरपूर पळणं लागतं. आमचे हे सकाळी सातला दुकान उघडतात, मी चौक्यात. मग ते जनावर दिवसभर साखळीला राहणार. सतत बांधलेला कुत्रा चिडका होतो, आणि चिडक्या कुत्र्याच्या साखळीच्या टप्प्यात साडेचार वर्षांचं लेकरू चेंडू आणायला जाणारच. म्हणजे बंधाचा दोष नुसता परलोकातला हिशोब राहत नाही. कारवानी आणि पश्मी या आपल्याच मातीतल्या जाती, उंच, सडपातळ, दिसायला राजबिंड्या. पण त्या शिकारीसाठीच घडवलेल्या. पळतं काही दिसलं की त्यांचे पाय थांबत नाहीत. आपल्याजवळच कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे. तिथे सासूबाईंचा हिंसादानाचा मुद्दा शब्दशः लागू पडतो.

छेदाचं तर बघा, डॉबरमनची शेपूट आणि कान कापतात ते केवळ रुबाबासाठी. असं कापलेलं पिल्लू विकत घेणं म्हणजे त्या कापण्याचे पैसे देणं. पगचं नाक माणसानेच निवडून निवडून इतकं चपटं केलंय की आपल्या उन्हाळ्यात त्याला श्वासच पुरत नाही. पामेरियन घराघरात दिसतो, लहान म्हणून मुलांसाठी बरा वाटतो. पण अंगाने लहान असलेला कुत्रा पोरांना घाबरतो, दाबलं-उचललं की पटकन दात लावतो. शिवाय लांब केस म्हणजे गोचिडांचं घर. गोचिडांवर पुढे बोलते, तो आपल्या लोकांचा खरा अवघड प्रश्न आहे.

लॅब्राडोर मुलांना चांगला, हे खरं आहे. स्वभाव गोड, सहनशील. पण पहिली दीड-दोन वर्षं तो तीस किलोचं अवखळ लेकरूच असतो. आमच्या धाकट्याचं वजन सोळा किलो. प्रेमाने उडी मारली तरी हा भुईवर. आणि त्याचं खाणं!

इथेच अन्नपाननिरोध येतो. मैत्रिणींनो, आपल्या घरात अंडं येणार नाही, मांस तर नाहीच. मग आपण म्हणतो, कुत्रा काय, दूध-पोळीवर राहतो. राहतो, पण जगतो कसा? मोठ्या जातीचं पिल्लू झपाट्याने वाढतं, त्या काळात प्रथिनं, कॅल्शियम आणि बाकीच्या गोष्टींचं माप चुकलं तर पाय वाकतात, हाडं कच्ची राहतात. पुष्कळ कुत्र्यांना मोठेपणी दूधही नीट पचत नाही. सासूबाई यावर जे बोलल्या ते मी वहीत लिहून ठेवलंय: "व्रत आपलं. त्या मुक्या जिवानं आपल्या व्रताचा उपास कायले करावा?" आपल्या श्रद्धेपायी कुणाला अर्धपोटी ठेवणं हाही अन्नपाननिरोधच.

दिलासा एवढा की कुत्रा मांजरासारखा नाही. मांजराला मांसातून मिळणारं टॉरिन लागतंच, तिला शाकाहारावर ठेवणं म्हणजे तिचे हाल. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या भाकरतुकड्यावर वाढला. 2013 साली 'नेचर' या नियतकालिकात स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की लांडग्याच्या मानाने कुत्र्याच्या शरीरात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात. पूर्ण वाढलेला, मध्यम अंगाचा, निरोगी कुत्रा नीट आखलेल्या शाकाहारावर राहू शकतो, असं आमच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही सांगितलं. त्यांची अट एकच, स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं म्हणजे आहार नाही. बाजारात शाकाहारी श्वानखाद्य मिळतं, ते मुख्य. जोडीला आमच्या वाशिमचं सोनं, शिजवलेलं सोयाबीन, भात, ज्वारीची भाकरी, लाल भोपळा, थोडं पनीर, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं जीवनसत्त्वांचं औषध. सहा महिन्यांनी वजन आणि रक्त तपासायचं. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषासारखे, त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लोकांना उरलेली भाजी घालताना दहादा विचार करावा लागतो, आपल्या घरात ती भानगडच नाही. मनुके, द्राक्षं आणि चॉकलेट मात्र लपवून ठेवावे लागतात. पोरांच्या खिशातूनच ते पडतात.

तर पिल्लू नको, मोठं कुत्रं हवं, मध्यम अंगाचं, आखूड केसांचं, उन्हाला सरावलेलं, मुलांमध्ये वावरलेलं. हे सगळं वर्णन आमच्या गल्लीतच बसलेलं होतं. तांबी. दीड-दोन वर्षांची गावठी कुत्री, किराणा दुकानाच्या पायरीवर झोपणारी.

विकत घ्यायचं नाही हे आमचं आधीच ठरलं होतं. 2017 च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. किती जण पाळतात ते तुम्हीच बघा. आणि मादीला वर्षातून दोनदा व्यायला लावून चालणारा धंदा आपल्या पैशाने चालावा, हे मला पटत नाही. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांना मी दोष देत नाही, त्या जिवाला आता घर आहे, ते सांभाळा.

पण गल्लीतलं आहे, शेपूट हलवतं, म्हणून उचलून आणलं असंही नाही. लहान मुलांना चावणारा कुत्रा पुष्कळदा अनोळखी नसतो, घरातला किंवा शेजारचाच असतो, आणि चावा बसतो तो तोंडावर, कारण लेकराचं तोंड त्याच्या तोंडाच्या उंचीवर. मी दोन महिने तांबीला पाहिलं. ती खात असताना जवळून गेलं तर ती गुरगुरते का, की खात राहते? अचानक स्टीलचं भांडं पडलं तर दचकून पुन्हा शांत व्हायला तिला किती वेळ लागतो? मी स्वतः (मुलांनी नाही) तिच्या कानाला, पंजाला, शेपटीला हात लावला तेव्हा तिने मान वळवली, हात चाटला आणि उठून गेली. उठून जाणं फार चांगलं लक्षण आहे. ज्याला नकोसं झालं की निघून जाता येतं, तो चावण्यापर्यंत जात नाही. खारीमागे धावते का हेही पाहिलं. पायरीवरून बघते, कान उभे करते, उठत नाही. आळशीच आहे म्हणा ना. सासूबाईंनी तेवढ्यावर मान डोलावली.

मुलांची परीक्षा त्याहून कडक घेतली. कुत्र्याचं "नको" कसं दिसतं ते त्यांना शिकवलं. पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, झोप नसताना जांभई देणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली जाणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकदम ताठ होऊन थिजणं. गुरगुरली तर तिला रागवायचं नाही, आपण मागे व्हायचं. गुरगुरण्यावर मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो. खाताना आणि झोपल्यावर हात लावायचा नाही. पाठीवर बसायचं नाही. यावर धाकट्याने विचारलं, "का? घोड्यावर तर बसतात." मोठीने लगेच सांगितलं, "अतिभारारोपण होतं, येडपट." पाठांतराचा असा उपयोग झालेला पाहून मला पाठशाळेच्या ताईंना फोन करावासा वाटला. एवढं करूनही धाकटा आणि तांबी दोघंच अंगणात कधी नसतात. सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलाला आणि कुत्र्याला, कुत्रा कितीही गरीब असो, मोठ्या माणसाशिवाय सोडायचं नाही. ज्यांना घरात असं लक्ष ठेवायला माणूस नाही, त्यांनी दोन-तीन वर्षं थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता अवघड गोष्टी. गोचीड आणि पोटातले जंत. कुत्र्याच्या जंतांची अंडी मातीतून मुलांच्या हातात आणि तिथून पोटात जातात, गोचिडांमुळे कुत्र्याला ताप येतो, तो जीवघेणाही होतो. औषध दिलं तर ते जीव मरतात. त्रस जीव आहेत, डोळ्यांना दिसणारे. मी गुरुजींनाही विचारलं. त्यांनी संकल्पी आणि आरंभी हिंसेतला फरक समजावला, गृहस्थाला आरंभी पूर्ण टाळता येत नाही पण कमी करता येते. आम्ही काय करतो, तर अंगण कोरडं ठेवतो, रोज संध्याकाळी आखूड केसांतून हात फिरवून पाहतो, अंथरूण उन्हात टाकतो, म्हणजे मुळात होऊच नयेत. जंतांचं औषध डॉक्टर सांगतील तेव्हा देतो. गोचिडांचं औषध पावसाळ्यात एकदा द्यावं लागलं. सासूबाईंनी त्या दिवशी एक रस सोडला. मला त्यांच्याशी यावर वाद घालावासा वाटला नाही.

नसबंदीवर मात्र आम्ही आठवडाभर बोललो. तो छेद नाही का? माझं म्हणणं, तांबीच्या आधीच्या पाच पिल्लांपैकी तीन रस्त्यावर ट्रकखाली गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. भूल देऊन, टाके घालून, बरी होईपर्यंत जवळ ठेवून केलेली शस्त्रक्रिया आणि रुबाबासाठी कापलेली शेपूट एका मापाने मोजता येत नाही. सरकारच्या 2023 च्या नियमांतही भटक्या कुत्र्यांसाठी नसबंदी, लस आणि परत त्याच जागी सोडणं हाच मार्ग आहे. अकोल्याला पशुवैद्यक संस्था आहे, पण आमचं काम जवळच झालं. सासूबाई "हो" म्हणाल्या नाहीत, "नाही"ही म्हणाल्या नाहीत. टाके ओले होते ते दहा दिवस तिच्यासाठी पाणी मात्र त्याच गाळून ठेवत होत्या.

रेबीजबद्दल तडजोड नाही. कुत्र्याला तीन महिन्यांनंतर लस आणि मग दर वर्षी. आणि कोणत्याही कुत्र्याचा दात किंवा नख मुलाला लागलं, घरच्याचं असो की बाहेरच्याचं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. लगेच सरकारी दवाखाना. लस तिथे मोफत मिळते; पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि पुढे 28 व्या दिवसापर्यंतच्या सगळ्या तारखा पाळायच्या, जखमेतून रक्त आलं असेल तर सीरमही विचारायचं. रोग उठल्यावर त्याला उपाय नाही. मुलांना हेही सांगून ठेवा की लागलं तर लपवायचं नाही, कोणी रागावणार नाही. "आई कुत्रं काढून टाकेल" या भीतीने पोरं गप्प बसतात.

चौक्याचं म्हणाल तर तांबीला स्वयंपाकघर आणि देवघर बंद. अंगण आणि पुढची ओसरी तिची. तिला हात लावून मुलं थेट मंदिरात जात नाहीत, अंघोळ आणि धुतलेले कपडे. आहारचर्येच्या वेळी पायांमधून पंचेंद्रिय जीव गेला तरी मुनींना अंतराय होतो, म्हणून पडगाहनाच्या आधीच तिला मागच्या अंगणात नेऊन दार लावतो, मोठी तिच्यापाशी बसते. यामुळेच सांगते, अनोळखी माणसावर तुटून पडणारा राखणदार कुत्रा आपल्या दाराला उपयोगाचा नाही. ज्या दारात आपण हात जोडून महाराजांची वाट पाहतो, तिथे तो पिच्छी-कमंडलू पाहून भुंकणार. तांबी भुंकते, पण रात्री, आणि बहुतेक वेळा उगाच.

तिचं जेवण सूर्यास्ताच्या आधी होतं, आमच्याबरोबरच. तिला त्याची सवय लागायला आठ दिवस लागले. पाणी रात्रभर भरलेलं असतं. अष्टमी-चतुर्दशीला आमचा एकाशन असला तरी तिची वाटी दोनदा भरते. परवा नवीन दिनदर्शिका लावली तेव्हा सासूबाईंनी नेहमीप्रमाणे लाल पेनाने अष्टमी-चतुर्दशीला खुणा केल्या. नंतर मी पाहिलं तर मार्गशीर्षातल्या एका तारखेवर निळ्या पेनाने लिहिलं होतं, "तांबी, सुई."